बापाचे पत्र

आमच्या लाखनीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. जुनी मंडळी त्याला अजूनही सहा नंबरचा रोड म्हणतात. सरकारने नंबर बदलून 53 केला, तोंडातला सहा काही गेला नाही. हाच रस्ता भंडारा, नागपूर, अमरावती ओलांडून अकोल्याला पोचतो. आम्हाला आज जी हकिकत सांगायची आहे ती अकोल्याच्या एका लग्नमंडपात येऊन थांबते. सुरुवात मात्र समुद्रापार, केपटाऊनच्या एका मुस्लिम व्यापाऱ्याच्या घरात आहे.

आठवण होण्याचे कारण घरगुतीच. गावातले एक चाचा जुम्याच्या नमाजनंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, ''मुलगा बाहेर नोकरीला आहे. तिथल्या एका मुलीत जीव गुंतलाय. मुलगी आपल्यातली नाही. एक पत्र लिहून द्या, असे की तो ऐकलाच पाहिजे.'' फोनवर त्यांना बोलवत नव्हते. बापाला फोनवर रडता येत नाही, रागावताही नीट येत नाही. आम्ही होकार दिला आणि घरी येऊन कागद समोर ठेवला, तेव्हा दुसऱ्याच एका बापाचे पत्र डोळ्यांपुढे उभे राहिले.

तो बाप महात्मा गांधी. मुलगा मणिलाल, चौघांतला दुसरा. मुलगी फातिमा गूल.

गूल घराणे मूळचे गुजराती, केपटाऊनमध्ये स्थायिक झालेले. फातिमाची आई केपच्या मलाय समाजातली. गांधींचा या घराशी घरोबा होता, त्यांनी तिथला पाहुणचार घेतला होता. गांधींचे आफ्रिकेतले सारे आयुष्यच मुस्लिम व्यापाऱ्यांच्या आधाराने उभे राहिले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 1893 साली त्यांना तिकडे नेले ते दादा अब्दुल्लांच्या पेढीने. 1913 साली केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी हसन इसप यांची पत्नी बाई मरियम यांचा निकाह कायदेशीर विवाह मानायला नकार दिला, तेव्हा गांधींनी तो सर्व हिंदी स्त्रियांच्या अब्रूचा प्रश्न केला. कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या याच लढ्यात. एका मुस्लिम बाईच्या निकाहसाठी बा तुरुंगात गेल्या, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे ती लागेल.

गांधी 1914 साली आफ्रिका सोडून गेले. मणिलाल काही वर्षांनी परत तिकडे गेला आणि डर्बनजवळच्या फिनिक्स आश्रमात 'इंडियन ओपिनियन' पत्र चालवू लागला. वडिलांचा धाक त्याने आधीच पुरता अनुभवला होता. फिनिक्सला त्याच्या हातून एक प्रेमप्रकरण घडले तेव्हा, 1913 साली, गांधींनी स्वतः सात दिवसांचा उपवास केला आणि पुढे साडेचार महिने एकवेळ जेवले. बापाने मुलाला मारले तर मुलगा विसरतो. बाप उपाशी राहिला तर कसा विसरेल? मणिलालने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि अनेक वर्षे ते वागवले.

फातिमाशी लग्न करण्याची इच्छा त्याने 1926 मध्ये वडिलांच्या कानावर घातली, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. आमच्याकडे या वयाच्या माणसाला दोन-तीन लेकरे असतात. तरी त्याने परवानगी मागितली.

गांधींचे उत्तर 3 एप्रिल 1926 चे आहे. बाप म्हणून नव्हे, मित्र म्हणून लिहितो, असा त्याचा सूर. हे लग्न धर्माविरुद्ध होईल, एका म्यानात दोन तलवारी राहणार नाहीत, असे ते म्हणतात. मुलांचा धर्म कोणता? फातिमाने लग्नापुरता धर्म बदलला तर तो अधर्मच, कारण धर्म म्हणजे सोयीप्रमाणे बदलायचा कपडा नव्हे. तिने माहेरी जाऊन मांस खायचे की नाही, हासुद्धा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. लग्न केलेस तर 'इंडियन ओपिनियन' चालवता येणार नाही, हिंदुस्थानात येऊन राहता येणार नाही. आणि बाची परवानगी मी मागूच शकत नाही, तिचे आयुष्य कायमचे कडू होईल.

बाई मरियमच्या निकाहसाठी तुरुंगात गेलेल्या त्याच बा. त्यांना कोणी विचारले असते तर काय म्हणाल्या असत्या? पत्रात तरी विचारलेले दिसत नाही.

त्या दिवसांत कलकत्त्यात दंगल पेटली होती. कोहाट होऊन दोन वर्षे झालेली नव्हती. त्यासाठी गांधींनी मौलाना मोहम्मद अलींच्या दिल्लीच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास केला होता. शुद्धी आणि तबलीग यांची ओढाताण चालू होती. गांधींच्या घरात मुस्लिम सून आली असती तर दोन्हीकडच्या लोकांनी तिला सून राहू दिले नसते, झेंडा केले असते. ही भीती खोटी नव्हती, आणि गांधींनी हिंदू-मुस्लिम प्रश्नाचा उल्लेख पत्रात केलाच आहे. पण आम्हाला ते पत्र न्याय्य वाटत नाही. धर्म न बदलता दोघे एका घरात राहतील, ही शक्यता गांधी तिथे क्षणभरही तपासत नाहीत.

मणिलालने ऐकले. लग्न जमवण्यात जमनालाल बजाजांनी पुढाकार घेतला. किशोरलाल मश्रुवालांचे बंधू नानाभाई अकोल्याला राहत. त्यांची मुलगी सुशीला, वय एकोणीस. 6 मार्च 1927 रोजी अकोल्यात लग्न झाले, गांधी हजर होते. लग्नाआधी त्यांनी मणिलालला लिहिले की सुशीलेचे स्वातंत्र्य जप, तिला दासी नव्हे तर सहचरी मान, तिच्या संमतीशिवाय तिच्याजवळ जाऊ नकोस. 1927 साली सुनेच्या बाजूने इतके स्पष्ट लिहिणारा सासरा आम्हाला दुसरा माहीत नाही. एकाच हाताने दोन्ही पत्रे लिहिली, हेही खरे.

सुशीलाबाईंनी आफ्रिकेत संसार केला, छापखान्यात काम केले. मणिलाल 1956 साली वारला. नंतर ते पत्र 1961 मध्ये बंद होईपर्यंत त्यांनीच चालवले. त्यांच्या नातीने, उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी, 2004 साली मणिलालचे चरित्र लिहिले.

बाप मात्र बदलत गेला. देवदासला राजाजींच्या लक्ष्मीशी लग्न करायचे होते. दोघांच्या वडिलांनी त्यांना थांबायला लावले आणि 1933 साली पुण्यात वैश्य-ब्राह्मण विवाह लावून दिला. 1936 साली हरिलाल मुंबईत मुसलमान होऊन अब्दुल्ला झाला आणि काही महिन्यांतच परतला. कपड्याची उपमा अशी घरातच खरी ठरली. आणि 1942 मध्ये इंदिरा नेहरू व फिरोज गांधी यांच्या विवाहाला त्यांनी उघड पाठिंबा दिला, कोणी धर्म बदलण्याची अट नव्हती. मणिलालसाठी हे सोळा वर्षे उशिरा होते. फातिमासाठीही.

चाचांसाठीचा कागद आम्ही दोन रात्री कोराच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांना विचारले, ''त्या मुलीचे नाव काय?'' ते गडबडले. ''ते विचारले नाही,'' म्हणाले. आम्ही पेन त्यांच्या हातात दिले आणि पहिली ओळ तीच लिहायला सांगितली.