पोलादाचे शिल्प आणि जोडणाराचा हात

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात पोलादाचे एक शिल्प उघड्यावर उभे आहे. नाव ‘क्यूबी १३’, साल १९६३, शिल्पकार डेव्हिड स्मिथ. त्यात ना देव, ना राजा, ना माणूस. पोलादी पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडल्या आहेत, इतकेच. पाहणारा विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत राबणारा माणूस मात्र आधी विचारील, ‘हे जोडले कसे?’

या कलेचा इतिहास त्याच प्रश्नात आहे. दगडाची मूर्ती कोरतात, धातूची साच्यात ओततात. या रीती हजारो वर्षांच्या. वेल्डिंगने पत्र्याला पत्रा जोडून शिल्प उभारण्याची रीत कारखान्यातून आली. हुलिओ गोन्सालेझ हा स्पॅनिश कारागीर १९१८ च्या सुमारास पॅरिसजवळच्या रेनो मोटार कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडी शिल्पे करावीशी वाटली, तेव्हा जोडकामाला याचाच हात लागला.

त्या शिल्पांची छायाचित्रे पाहून स्मिथला वाट सापडली. १९२५ साली त्याने स्टुडबेकर मोटार कारखान्यात काम केले होते, त्यामुळे लोखंड त्याला परके नव्हते. दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर झाला आणि पोलाद कामगारांच्या युनियनचा सभासदही. १९६५ साली तो वारला. ‘क्यूबी’ मालिकेतील पोलादाला त्याने ग्राइंडरने घासून असे पाणी दिले की, उन्हाबरोबर त्याचा रंग पालटावा.

आपल्या मुंबईतही पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांनी भंगारातले धातू जोडून शिल्पे घडविली. कारखान्याने टाकून दिलेले तुकडे बाईंच्या हाती पुन्हा कामास आले.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘क्यूबी’च्या जोडकामात लिऑन प्रॅट नावाचा मदतनीस स्मिथबरोबर राबत होता. स्मिथचे नाव जगभर झाले. प्रॅटचे किती जणांना ठाऊक आहे? अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या लेखात राजाचे नाव वाचता येते. पण तो दगड घडविणाऱ्या पाथरवटांची नावे आज आपल्यापैकी कोण सांगेल? उद्या आपल्या मांजर्लीत असे एखादे पोलादी शिल्प उभे राहिले, तर त्याच्या पाटीवर वेल्डरचेही नाव असले पाहिजे. ही मागणी आपण आजच नोंदवून ठेवू.