एकमेव ध्वनिमुद्रिकेचे ग्रहण : लॉरिन हिल आणि कोल्हापूरचे कान

अल्लादियाखाँ 1895 च्या सुमारास कोल्हापूर दरबारात गायक म्हणून रुजू झाले आणि शाहू महाराजांच्या 1922 मधील निधनापर्यंत त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने तेथेच राहिले. 1946 मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला. या पन्नास वर्षांपैकी बहुतेक काळ ग्रामोफोन हिंदुस्थानात रुळलेला होता. तरीही खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांची गायकी टिकली ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंजीखाँ, भुर्जीखाँ यांच्या गळ्यांतून. म्हणजे जिला मूळ संहिता म्हणता येईल अशी वस्तूच या परंपरेजवळ नाही, आणि तिच्या श्रोत्याला त्याची उणीवही कधी भासली नाही. तीच चीज तोच गायक आयुष्यभर गातो. श्रोता ती पुन्हा ऐकायला येतो तो आज ती कशी उलगडते हे पाहण्यासाठी.

याच्या नेमक्या उलट टोकावरचे उदाहरण अमेरिकन रॅप गायिका लॉरिन हिल हिचे आहे. येथे संहिता आहे, ती एकच आहे, आणि तिने आपल्या कर्तीला जवळजवळ गिळून टाकले आहे. ‘फ्यूजीज’ या त्रयीच्या ‘द स्कोअर’ (1996) या अल्बममुळे नावारूपाला आलेल्या हिलने ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा स्वतंत्र अल्बम 25 ऑगस्ट 1998 रोजी प्रसिद्ध केला. तेव्हा तिचे वय 23 होते. पहिल्या आठवड्यात त्याच्या 4 लाख 22 हजारांहून अधिक प्रती खपल्या. फेब्रुवारी 1999 मध्ये त्याला दहा नामांकनांतून पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार होता, जो तोवर कोणत्याही हिप-हॉप अल्बमला मिळाला नव्हता. त्यानंतर 2002 मध्ये एका मैफलीचे ध्वनिमुद्रण निघाले, पण स्टुडिओत सिद्ध झालेला दुसरा अल्बम आजवर आलेला नाही.

रॅप म्हणजे अमेरिकेचा पोवाडा, असे समीकरण आपल्याकडे झटपट मांडले जाते. ते फारसे उपयोगाचे नाही. पोवाड्याला वीर आणि प्रसंग लागतो, तर रॅपमध्ये बोलणारा ‘मी’ हाच बहुधा प्रसंग असतो. हिलच्या अल्बमचे वेगळेपण असे की हा ‘मी’ तिने वर्गात बसवला आहे. शीर्षकामागे कार्टर वुडसन यांचा कृष्णवर्णीयांच्या कुशिक्षणावरील 1933 चा ग्रंथ उभा आहे. गीतांच्या मधल्या जागांत एक शिक्षक मुलांशी प्रेमाविषयी बोलतो. हा आवाज रास बराका यांचा. पुढे 2014 मध्ये ते न्यूअर्क शहराचे महापौर झाले. अल्बमचा आरंभ हजेरीने होतो. नावे पुकारली जातात, मुले उत्तर देतात. लॉरिन हिलचे नाव येते आणि उत्तर येत नाही.

हान्स रॉबर्ट यॉस यांनी 1967 मध्ये कॉन्स्टन्झ येथे मांडलेल्या ग्रहणविचारात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. कृतीचा अर्थ ती ज्या अपेक्षांना भेटते त्यांवर ठरतो आणि अपेक्षा बदलल्या की अर्थही हलतो. हजेरीचा हा तपशील त्याचे बोलके उदाहरण ठरावा. 1998 च्या श्रोत्याला त्या अनुत्तरित नावात शाळेबाहेर, जगण्यातून शिकणारी मुलगी ऐकू आली. एकामागून एक वर्षे नव्या अल्बमविना गेल्यावर त्याच क्षणी श्रोत्याला कलावंताच्या पुढच्या मौनाची पूर्वसूचना ऐकू येऊ लागली. ध्वनिफीत तीच आहे. बदलले ते क्षितिज. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाच्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत ही कृती 2003 मध्ये 312 व्या, तर 2020 च्या नव्या यादीत दहाव्या स्थानी होती. दरम्यान कौल देणारी मंडळी बदलली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून अवघड आहे. अल्बमवर लेखन, संयोजन, निर्मिती या सर्वांचे श्रेय मुख्यत्वे हिलच्या नावे होते. ‘न्यू आर्क’ या चार सहकारी संगीतकारांच्या गटाने 1998 मध्येच श्रेयासाठी दावा दाखल केला आणि 2001 मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. या वादाने ग्रहणाला कायमचे वळण दिले, कारण ‘एकटीने निर्माण केलेली एकमेव कृती’ हीच या अल्बमची आख्यायिका होती. ख्यालपरंपरेत रचनाकाराची मुद्रा बंदिशीच्या शब्दांतच असते. सदारंगाची चीज गाणाऱ्याला कोणी तिचा कर्ता समजत नाही आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही. अर्थात त्या व्यवस्थेतही सारंगिया आणि तबलजी यांचा वाटा फार काळ अनामच राहिला. तेव्हा आपल्या परंपरेला या प्रश्नाचे उत्तर सापडले होते असे म्हणणे धाडसाचे होईल.

जेथे ती खरोखर उपयोगी पडते ती जागा वेगळी आहे. पुढील वीस वर्षे हिल मैफलींतून हीच गीते गात राहिली, पण लय, स्वर आणि संयोजन पालटून. प्रेक्षक नाराज होत. त्यांना ध्वनिमुद्रिकेवरचे गाणे हवे असे. 2018 मध्ये पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर यांनी जाहीर टीका केल्यावर हिलने सविस्तर लेखी उत्तर दिले. नवा अल्बम नसल्याने आपण जुन्या गीतांची पुनर्रचना करतो, आणि इतकी वर्षे तीच गीते बदल व शोध यांवाचून गाणे आपल्याला अशक्य आहे, असा त्याचा आशय होता. ती रंगमंचावर अनेकदा फार उशिरा येते, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि कोणत्याही सौंदर्यशास्त्राने ती धुऊन निघत नाही.

पुनर्रचनेविषयीची तक्रार मात्र ध्वनिमुद्रिकेने घडवलेल्या कानाची तक्रार आहे. अतिगायनाने आवाज गमावल्यावर अल्लादियाखाँनी उरलेल्या आवाजातून नवी गायकी घडवली. कोल्हापूरने ऐकली ती हीच दुसरी गायकी. पहिल्या आवाजाची मागणी कोणी केली नाही, कारण तो कोणाच्या घरी तबकडीवर नव्हता. उलट केसरबाईंचे ‘जात कहाँ हो’ हे सुमारे साडेतीन मिनिटांचे भैरवीचे मुद्रण 1977 मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेले. अल्लादियाखाँच्या परंपरेतले तेवढेच गाणे तेथे आता कायमचे एका रूपात थिजलेले आहे. 2024 मध्ये ‘ॲपल म्युझिक’ने श्रेष्ठ शंभर अल्बमांत ‘मिसएज्युकेशन’ला पहिला क्रमांक दिला. हा कौल 1998 च्या मुद्रणाला आहे. वीस वर्षे मैफलींत पालटत गेलेल्या त्याच गीतांसाठी त्या यादीत रकाना नाही.