पाळत जातीवर, गुन्हेगार मोकळा

कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या पट्ट्यात शेतवस्तीवर दरोडा पडला की पहिला संशय जवळपासच्या पारध्यांच्या पालांवर जातो. यावर अहिल्यानगर जिल्ह्यात ऐकू येणारा युक्तिवाद ठरलेला आहे: सगळे चोर नसतील, पण त्यांच्यावर नजर असली की गाव निर्धास्त झोपते.

हा पूर्वपक्ष उडवून लावण्याजोगा नाही. आडरानातल्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची भीती खरी आहे. पण जन्म पाहून ठेवलेली पाळत ती भीती घालवते का?

या पाळतीचा प्रयोग आपल्याकडे पुरेसा झाला आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही आला. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, मुक्काम हलवायचा तर पास. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. पुढे सराईत गुन्हेगारांविषयीचा 1959 चा मुंबई कायदा आला. कायद्यात जमातीच्या जागी व्यक्ती आली, संशयात मात्र जमातच राहिली.

त्याची किंमत नाशिकच्या एका खटल्यात दिसते. 2003 मधील दरोडा, खून आणि बलात्काराच्या या गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा जणांना पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. या प्रकरणात जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांच्याच फोटो अल्बममधून चार वेगळे इसम ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. म्हणजे पोलिसांकडे फोटो होते, साक्षीदार होती. तरी हाती लागले भलतेच. सहा जणांची सोळा वर्षे गेली, आणि पीडित कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

‘मग पोलिसांनी नजर ठेवूच नये का?’ जरूर ठेवावी, पण पुराव्यावर आणि व्यक्तीच्या कृतीवर. केवळ मागास समाजात जन्मला म्हणून कुणाची हिस्ट्रीशीट उघडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये बजावले. याचा लाभ गावालाही आहे. ज्या वस्तीला पोलीस म्हणजे केवळ धरपकड एवढेच ठाऊक, ती वस्ती खऱ्या चोराची खबर द्यायला ठाण्याची पायरी चढेल कशाला? गावाला निर्धास्त झोप हवी असेल, तर त्याने पालांवर गाडी पाठवा असे नव्हे, तपास नीट करा असे ठाण्याला सांगावे.