खर्चाचा आकडा आणि मूठभर जोंधळा



गेल्या शुक्रवारी संध्याकाळी अरादच्या किल्ल्याशेजारी खाडीकाठी चालायला गेलो होतो. बरोबर ऑफिसातला एक मित्र, मूळचा यवतमाळकडचा. मुलीच्या शाळेची फी भरून मी नुकताच मोकळा झालो होतो, त्यामुळे विषय माझ्याच खिशातून निघाला म्हणा ना. मित्र म्हणाला, "सरळ हिशोब आहे रे. ज्या लोकांना शिक्षणाची किंमत असते ते शाळांवर पैसा घालतात. आपल्याकडे सरकारी शाळांचे हाल बघ. लोकांनाच पडलेली नाही, मग सरकारला कशाला पडेल?" वर त्याने मोबाईलवर जीडीपीची टक्केवारीही काढून दाखवली.

आकडा समोर आला की आम्हा इंजिनीयर लोकांचं तोंड बंद होतं. माझंही झालं. पण घरी येऊन विचार केला, हा आकडा मोजतोय तरी काय?

आधी इथलंच घ्या. बहारीनचा सरकारी शिक्षणखर्च जीडीपीच्या दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास असतो, भारताचा चारच्या आसपास. म्हणजे बहारीनी माणसाला शिक्षणाची कदर आपल्या निम्मीच? काहीतरीच! इथली साक्षरता आपल्या खूप पुढे आहे. मग गोम कुठे आहे? एक तर दरडोई उत्पन्न इतकं मोठं की त्याचे दोन टक्केही एका मुलामागे भरपूर होतात. दुसरं म्हणजे या बेटावर राहणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आपण, बाहेरून आलेले. आपण कमावतो ते जीडीपीत धरलं जातं, पण इथल्या मोफत सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या, त्यामुळे आपली मुलं जातात फी देऊन खाजगी शाळांत. इंडियन स्कूल १९५० साली सुरू झाली, तीही भारतीय समाजाने स्वतःच्या मुलांसाठी काढलेली. थोडक्यात, आपण छेदात आहोत, अंशात नाही. घरातल्या बजेटचा मोठा हिस्सा शाळेला देणाऱ्या हजारो भारतीय कुटुंबांची शिक्षणाची हौस त्या दोन टक्क्यांत दिसतच नाही.

आता थोडं मागे जाऊ. अरादहून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर जुनं मुहर्रक शहर आहे. तिथे १९१९ साली अल्-हिदाया अल्-खलिफिया ही बहारीनमधली पहिली सार्वजनिक शाळा सुरू झाली. तेव्हा तेल नव्हतं (ते १९३२ साली सापडलं), सरकारी शिक्षणखातंही नव्हतं. मोत्यांचे व्यापारी आणि गावातले लोक यांनी वर्गणी काढून शाळा उभी केली, कारभार बघायला एक मंडळ नेमलं. गंमत म्हणजे इथले मोती विकले जायचे मुंबईच्या बाजारात आणि चलन होतं आपला रुपया! म्हणजे या वर्गणीतला बराच पैसा मुंबईवरून फिरून आलेला. १९२८ साली मुहर्रकमध्येच मुलींची पहिली सरकारी शाळा निघाली, आणि तिला विरोधही झाला. पुढे मोत्यांचा बाजार कोसळला, आणि त्याच सुमारास, १९३० च्या आगेमागे, शाळांचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. आता १९१९ सालचा सरकारी खर्च कुणी एक्सेलमध्ये भरला तर शून्याच्या जवळपास येईल. लोकांना किंमत होती की नव्हती, हे त्या शून्यावरून कसं कळणार?

१९१९ हे साल वाचून तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात दुसरीच घंटा वाजली असेल. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिकडे येतोच, पण त्याआधी रयतेच्या पैशाचं काय होत होतं ते बघायला हवं, कारण खरी मेख तिथेच आहे.

मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या काही वर्षांत सरकारने शेतसाऱ्यावर 'लोकल फंड' नावाची पट्टी बसवली. १८६९ साली तिला कायद्याचं रूप मिळालं. दर रुपयामागे एक आणा. त्यातले दोन वाटे रस्ते वगैरेंना, एक वाटा शिक्षणाला. शंभर रुपये सारा भरणाऱ्याने सहा रुपये चार आणे पट्टी भरायची, त्यातले साधारण दोन रुपये एक आणा चार पै शिक्षणाचे. शेतकऱ्याला विचारलं कुणी नाही, पण पैसे त्याने भरले. आणि गावात शाळा? बहुतेक गावांत नव्हतीच. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा गाभा हाच होता: सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होताना तो जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. ज्या माणसाने १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून शेण-दगड सोसले, तो हे सांगत होता. तर खेड्यातल्या शाळेवरचा तुटपुंजा खर्च कशाचं प्रतिबिंब होता? रयतेच्या आवडीनिवडीचं? का वाटप करणाऱ्याच्या?

हाच वाद पुढे कलकत्त्यात कायदेमंडळात झाला. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. बिल म्हणजे अगदी जपून आखलेलं. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवं असेल तिनेच सक्ती करायची, तीही पुरेशी मुलं आधीच शाळेत असतील तर. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळलं गेलं. सरकारी बाजूच्या युक्तिवादांत एक होता, लोकांकडून तशी मागणीच नाही! अरादच्या किल्ल्याशी मित्र जे म्हणाला त्याच्याशी ताडून पाहा. आधी खर्च करायचा नाही, मग खर्च नाही म्हणजे गरज नाही असं म्हणायचं. आणि मागणी कळायची तरी कशी? सारा भरणाऱ्या कुणब्याला त्या सभागृहासाठी मत नव्हतं.

याच काळात शेजारी वेगळं चित्र होतं. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ पर्यंत तो सगळ्या संस्थानाला लावला. गोखले कायदेमंडळात बडोद्याचा दाखला देत ते उगाच नाही. दरडोई खर्चात बडोदा ब्रिटिश मुलखाच्या कितीतरी पट पुढे होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण जाहीर केलं.

आता मला सगळ्यात मजेशीर वाटतो तो वारणेचा भूगोल. त्या वेळी वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर संस्थान आणि उत्तरेला ब्रिटिशांचा सातारा जिल्हा (आजचा वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यात होता). दोन्हीकडे तोच जोंधळा, तीच कुळं, सोयरिकी नदी ओलांडून व्हायच्या. १९१७ नंतर नदीच्या एका काठावरच्या मुलाला शाळा सक्तीची आणि फुकट, दुसऱ्या काठावरच्या त्याच्या मावसभावाला नाही. ब्रिटिश मुलखात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. खेडी कोरडीच. मधे नदी आली म्हणून मावशीला मुलाच्या शिक्षणाची किंमत कमी झाली असं कोण म्हणेल? बदलला होता तो राजा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शाहू महाराजांच्या कायद्यात मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. म्हणजे काही आईबाप पाठवत नव्हते. गुरं कोण राखणार, धाकट्या पोराला कोण सांभाळणार, हे प्रश्न खरे होते. फी माफ झाली तरी पोराची मजुरी बुडायचीच. तेव्हा 'सगळी रयत शिक्षणासाठी आसुसली होती' असं चित्र रंगवणंही खोटंच होईल.

भाऊराव ही नदी ओलांडून आले. जन्म १८८७, कोल्हापूर संस्थानातल्या कुंभोजचा, विद्यार्थीदशा कोल्हापुरात, आणि काम उभं केलं ते ब्रिटिश साताऱ्यात, जिथे सरकारचा हात आखडता होता. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुष्टिफंड. घरातल्या बाईने रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगच्या पोरांसाठी द्यायचं. आमची आजी त्याच भागातली. ती सांगायची, की चुलीमागे त्यासाठी वेगळं मडकं असायचं, आणि त्यातल्या जोंधळ्याला टंचाईतसुद्धा हात लावलेला सासूला चालत नसे. आजी स्वतः सही सोडून काही लिहू शकत नव्हती. तिची ती मूठ कुठल्या बजेटच्या कुठल्या हेडखाली आली असेल?

१९४८ साली तर एक प्रयोगच घडला म्हणा. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर टीका केली आणि मुंबई सरकारने रयतचं अनुदान बंद केलं. नंतर ते पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काळात संस्था लोकांनी तगवली.

हे वाचून 'वा, लोक काय महान' म्हणून थांबावं, तर पुढची गोष्ट तशी नाही. लोक पदरमोड करतात हे एकदा कळलं की सरकारला हात झटकायची सोय होते. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनीयरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यातूनच माझ्यासारखे हजारो लोक इंजिनीयर होऊन परदेशी आले, तेव्हा मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. पण माझ्या फीसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, तेही खरं. २००१ पासून शाळांनाही 'कायम विनाअनुदानित' अशी परवानगी मिळू लागली. त्यातला 'कायम' हा शब्द २००९ साली काढला, तोवर कित्येक शिक्षकांची वर्षं बिनपगारी गेली होती. आणि २०१७ च्या शेवटी राज्य सरकारने पटसंख्या दहाच्या आत असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरवलं. कारण तेच, मुलं येत नाहीत म्हणजे मागणी नाही. वस्त्या-पाड्यांवर मुळात घरंच पंधरा-वीस असतात, हे कोण लक्षात घेणार?

हे सगळं मी मित्राला परवा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्याला फारसं पटलेलं दिसलं नाही. मी म्हटलं, तुझ्या गावच्या शाळेची खोली कुणी बांधली ते तरी विचार. त्याने संध्याकाळी वडिलांना फोन लावला. पहिली खोली जिल्हा परिषदेची निघाली. दुसरी गावाने वर्गणी आणि श्रमदानातून बांधली होती, कापसाला चांगला भाव मिळाला त्या साली. पत्रेसुद्धा गावकऱ्यांनीच आणले होते. खोली झाल्यावर गावाने दुसऱ्या शिक्षकासाठी अर्ज केला. तो शिक्षक यायला सहा वर्षं लागली, तोवर एकच गुरुजी दोन खोल्यांमधून फिरत चार इयत्ता सांभाळत होते.

कळावे, लोभ असावा.
अराद, बहारीन