एन्कोडर, कानबाई आणि ३२ केबीपीएस

आमच्या धुळ्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. निम्मे भाऊबंद सुरत-पुण्याला. म्हटलं, आपण सॉफ्टवेअरवाले ना, मग करून टाकू लाईव्ह. तेही फुल एचडी!

आधी गणित. १९२० बाय १०८० ची फ्रेम, ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम... झाले सुमारे १२४ कोटी बिट. गावातल्या मोबाईल नेटचा अपलोड जेमतेम ५० लाख. म्हणजे अडीचशे पोत्यांचा माल एका पोत्यात कोंबायचा. हेच एन्कोडरचं काम.

यामागची गोष्ट भारी आहे. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ साली त्यांनी एका कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. नकार आला! तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये ते छापून आलं : डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, त्यातले ढोबळ आणि बारीक बदल वेगळे काढायचे. बारीक बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते बेधडक टाकून द्यायचे. १९९२ चं जेपीईजी याच पायावर उभं आहे. २००३ च्या एच.२६४ मध्ये त्याचंच पूर्णांकी रूप आहे, शिवाय आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायची युक्ती.

तर सेटिंग असं : बिटरेट ३५०० केबीपीएस, स्थिर. दर २ सेकंदांनी कीफ्रेम, म्हणजे मधेच येणाऱ्याला पूर्ण चित्र लवकर मिळतं. फ्रेम २५, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाईट लुकलुकत नाही.

चाचणीत आरास जरा चौकोनी दिसली. मी काय शहाणपणा केला? आवाज १२८ वरून ३२ केबीपीएसवर आणला. तीन टक्केही वाचले नसतील. जुन्या लॅपटॉपवर ताण नको म्हणून मूळ रेकॉर्डिंगही बंद ठेवलं.

चित्र झकास गेलं. आमची मोठी माय, म्हणजे आजी, पहाटेपर्यंत गात होती. दुसऱ्या दिवशी सुरतहून चुलतभावाचा फोन, "काय म्हनी ऱ्हायनी ती?" टाळ्या, ढोलकी आणि शब्द, सगळ्याचा एकच लगदा झाला होता. म्हटलं, पुढच्या वर्षी नीट करू. पुढच्या कानबाईला मोठी माय नव्हती.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता गायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ते उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. कागदावर सूर उतरला नाही, पण शब्द एकूण एक वाचता येतात. माझ्याकडे आरशीसारखी स्वच्छ आरास आहे आणि शब्द नाहीत.

काय टाकायचं हे एन्कोडर डोळ्या-कानांचा विचार करून ठरवतो. काय जपायचं, हे त्याला आपण सांगायचं असतं. असो. आता मी आवाज १९२ वर ठेवतो, आणि लाईव्हच्या आधी रेकॉर्डचं बटण दाबतो.