वैद्यकीय साहाय्यक अभ्यासक्रमातील गणित

वैद्यकीय साहाय्यक अभ्यासक्रमातील गणित : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत व व्यवसायशिक्षण संस्थांत मेडिकल असिस्टंट होऊ इच्छिणाऱ्यांना शिकवले जाणारे उपयोजित गणित. मेडिकल असिस्टंट दवाखान्यात रुग्णाचे वजन व रक्तदाब नोंदवतात, रक्ताचा नमुना घेतात, ईसीजी काढतात, डॉक्टरांच्या आदेशानुसार इंजेक्शन देतात आणि भेटीच्या वेळा व विम्याचे कागदही सांभाळतात. यांतील कोणत्या कामांना मुभा आहे, हे राज्यागणिक बदलते. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली आणि प्रमाणपत्र परीक्षा १९६३ पासून घेतली जाऊ लागली. प्रमाणपत्र अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा, तर सहयोगी पदवी दोन वर्षांची असते. अधिस्वीकृत अभ्यासक्रमांत किमान १६० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काम करावे लागते. त्यांच्या मूळ आराखड्यात उपयोजित गणिताला स्वतंत्र स्थान आहे : मूलभूत आकडेमोड, मेट्रिक व घरगुती मापे, एककांचे रूपांतर, औषधाची मात्रा काढणे आणि मुलांच्या वाढीचे तक्ते भरणे. हे गणित शाळेतल्या इयत्तांपलीकडचे नाही. ते सोपे असूनही चुकते का आणि ते कोठे व कसे शिकवावे, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

मात्रा काढण्याच्या तीन पद्धती पाठ्यपुस्तकांत आढळतात : हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा हे सूत्र, गुणोत्तर-प्रमाण आणि एकके छेदत जाण्याची पद्धत. तिन्हींच्या मुळाशी त्रैराशिकच आहे. उदाहरणार्थ, एका मुलाचे वजन ४४ पाउंड आहे आणि आयबुप्रोफेन दर किलोला १० मिलिग्रॅम द्यायचे आहे. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पाउंड, म्हणून वजन २० किलो आणि मात्रा २०० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असे लिहिले असेल, तर १० मिलिलिटर औषध मोजायचे. पाउंडांचे किलो करायचे राहून गेले, तर हाच हिशेब ४४० मिलिग्रॅम म्हणजे २२ मिलिलिटरवर जातो. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर आणि औषध दुपटीहून जास्त! दशांश चिन्हाचेही तसेच. १.० मधले टिंब दिसले नाही की १० वाचले जाते आणि शून्याशिवाय लिहिलेला .५ हा ५ होतो. म्हणूनच रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये अशा लेखनाला मज्जाव केला. यावरून दिसते की येथील धोका आकडेमोडीपेक्षा एकके, लेखन आणि उत्तराचा अंदाज यांत जास्त आहे.

कॉलेजांची व्यवस्था मात्र बराच काळ वेगळ्या समजुतीवर उभी होती. प्रवेशचाचणीत कमी पडलेल्यांना श्रेयांक न देणारे पूर्वतयारीचे बीजगणित आधी पूर्ण करावे लागे, आणि त्या पायरीवरच अनेक जण गळत. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ मध्ये याची यादृच्छिक पद्धतीने तपासणी झाली. पूर्वतयारीचे बीजगणित घेणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले. तशाच तयारीच्या पण थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्राला जास्तीच्या मदतीसह बसवलेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के. कॅलिफोर्नियाने तर २०१७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना अशा पूर्वतयारीत अडकवण्यावर निर्बंध घातले. न्यूयॉर्कचा तो प्रयोग औषधमात्रेचा नव्हता, हे खरे. त्यातून एवढेच सिद्ध होते की आधी अमूर्त पाया आणि मग उपयोग, हा क्रम अपरिहार्य नाही.

कामाच्या जागी गणित कसे चालते, याचा पुरावा ब्रिटनमधून मिळतो. सेलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस व स्टेफानो पोझी यांनी २००१ मध्ये बालरुग्ण विभागातील परिचारिकांच्या औषध देण्याच्या ३० प्रसंगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रशिक्षणात शिकलेले एकच सूत्र त्या विचारल्यावर सांगत. प्रत्यक्ष वॉर्डात मात्र औषधाच्या तीव्रतेवरून, म्हणजे किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम यावरून, वेगवेगळ्या बिनचूक रीतींनी हिशेब करत. त्यांचे आकलन औषधाशी आणि त्याच्या बाटलीशी जोडलेले होते. मेडिकल असिस्टंटचे काम परिचारिकेपेक्षा मर्यादित असले, तरी प्रमाणाचा प्रश्न तोच आहे. म्हणून मात्रेचे गणित औषधशास्त्र आणि इंजेक्शनच्या सरावासोबत, खरी लेबले व सिरिंज हातात घेऊन शिकवणे अधिक तर्कसंगत ठरते. सूत्राला हद्दपार करण्याचे कारण नाही. पण उत्तर काढण्याआधी अंदाज आणि काढल्यावर पडताळा, हे दोन्ही त्याला जोडले पाहिजेत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आता औषधे आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येतात आणि हिशेब संगणक करतो, मग हे गणित कशाला? पण संगणकात वजन माणूसच भरतो. पाउंडांचा आकडा किलोच्या रकान्यात गेला, तर यंत्र चुकीचे उत्तर तितक्याच झटपट देते. ते उत्तर खटकण्यासाठी परिमाणाची जाण लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : व्यवसायापुरते गणित शिकवले, तर पुढे नर्सिंगच्या पदवीकडे जाऊ पाहणाऱ्यांची वाट बंद होते. या धोक्यावर उपाय म्हणून सर्वांना बीजगणिताच्या उंबऱ्यावर थोपवण्याची गरज नाही. प्रमाण हेच रेषीय संबंधाचे पहिले रूप आहे. मात्रेच्या तक्त्यावरून आलेखाकडे आणि वाढीच्या तक्त्यातील शततमकांवरून संख्याशास्त्राकडे जाता येते. तो दुवा अभ्यासक्रमात मुद्दाम ठेवावा लागतो आणि पुढे चालणारे श्रेयांकही द्यावे लागतात.

हा युक्तिवाद मान्य केला, तर परीक्षेची रीतही बदलावी लागते. सामान्य विषयात ७० टक्के गुण समाधानकारक असतात. मात्रेच्या गणितात त्याचा अर्थ दहापैकी तीन औषधे चुकीची, असा होतो. अनेक नर्सिंग महाविद्यालये मात्रेच्या चाचणीला ९० किंवा १०० टक्क्यांची अट घालतात आणि ती पुन्हा देण्याची संधीही ठेवतात. मेडिकल असिस्टंटच्या अभ्यासक्रमालाही हाच दंडक योग्य आहे : प्रवेशाला गणिताची आडकाठी कमी आणि औषध हातात देण्याआधीची कसोटी कडक.