जुना राजपुत्र, नवा पडदा

पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण तळघरात पडतो, मागचा लोखंडी दरवाजा बंद होतो आणि वजिराच्या कैदेतील राजकन्येला सोडविण्यासाठी त्याच्या हाती अवघी साठ मिनिटे उरतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या संगणकीय खेळाचे हे कथानक. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहराशहरांत खासगी संगणक वर्ग निघाले. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याला अपवाद नव्हते. एका फ्लॉपीत मावणारा हा खेळ त्या वर्गांतूनच अनेकांच्या ओळखीचा झाला. ती मुले आता चाळिशीत आहेत. तोच राजपुत्र हातात मावणाऱ्या कन्सोलवर त्यांना पुन्हा भेटतो तेव्हा एक प्रश्न उभा राहतो : हा खेळ तोच आहे, की त्याच्या नावाचा दुसराच?

मूळ खेळाची घडण

जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने हा खेळ जवळजवळ एकहाती रचला. तो १९८९ मध्ये 'ॲपल टू' या संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये डॉसवर चालणाऱ्या संगणकांवर आला. राजपुत्राची चाल मेकनरच्या धाकट्या भावाची होती. त्याला पांढरे कपडे घालून धावायला व उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक मुद्रा रेखाटून घेतली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडवरील हॉलिवूडपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत मेकनरच्या वडिलांचे होते.

संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती, की नव्या शत्रूची चित्रे साठवायला जागाच उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच चित्रांवर गणिती प्रक्रिया करून त्याची छाया निर्माण करण्यात आली. आरशातून बाहेर पडणारा तो प्रतिस्पर्धी खेळणाऱ्यांच्या आजही स्मरणात आहे. उणिवेतून निघालेली ही युक्ती खेळाचे वैशिष्ट्य ठरली.

पोर्ट, रिमास्टर आणि रिमेक

जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. मूळ खेळ फारसा न बदलता दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणे म्हणजे पोर्ट. रचना तीच ठेवून चित्र व ध्वनी अधिक सुस्पष्ट करणे म्हणजे रिमास्टर. सारे नव्याने उभारून केवळ कथा व आराखडा जुना ठेवणे म्हणजे रिमेक. 'प्रिन्स'च्या बाबतीत हे तिन्ही प्रयोग झाले. १९९२ मध्ये तो 'गेम बॉय' या हातातल्या कन्सोलवर, १६० बाय १४४ ठिपक्यांच्या चार छटांच्या पडद्यावर उतरला. २००७ मध्ये जुन्याच तळघरांवर नवी चित्रे चढवून 'प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक' निघाला. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'पासून सुरू झालेल्या त्रिखंडाची सुस्पष्ट आवृत्ती २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ साठी आली.

ठिपक्यांचे गणित

डॉसवरील मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे होते. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या 'स्टीम डेक' या हातातल्या यंत्राचा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा आहे. हा हिशेब बरोबर चौपटीचा असल्याने जुना प्रत्येक ठिपका सोळा ठिपक्यांनी भरला की चित्र काठोकाठ बसते. मात्र ते चुकीचे असते. त्या काळच्या मॉनिटरच्या काचेचे प्रमाण चारास तीन होते, त्यामुळे प्रत्येक ठिपका उभा ताणला जाई आणि राजपुत्र सडपातळ दिसे. नव्या पडद्यावर चित्र काठोकाठ पसरले तर तो बुटका होतो. योग्य प्रमाण राखायचे, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात.

याहून नाजूक बाब वेळेची आहे. राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावत असल्याने बटण दाबताच तो उडी घेत नाही. आधी पाऊल पुरे करतो. खड्ड्याच्या एक पाऊल आधीच बटण दाबण्याची ही सवय बोटांत मुरलेली असते. चित्र कितीही देखणे केले, पण हा अंतराल बदलला, तर ओळखीच्या खड्ड्यात जुना खेळाडूही पडतो. शिफ्टची कळ दाबून जपून टाकायचे पाऊल आता कन्सोलच्या बटणावर येते, पण त्याचा वेळ तोच असावा लागतो. नव्या यंत्राने दिलेली एक सवलत मात्र मराठवाड्यातील खेळाडूला विशेष मोलाची वाटेल. वीज गेली की संगणक बंद पडून तास वाया जाई. आता बटण दाबून खेळ आहे तिथे थांबविता येतो.

पुणे-मुंबईतील अपुरा प्रयोग

या इतिहासातील एक प्रकरण महाराष्ट्रात घडले. 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला. त्याची धुरा कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होती. पहिल्या झलकीतील चित्रांवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ चे नियोजित प्रकाशन आधी मार्चपर्यंत व नंतर बेमुदत पुढे गेले. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडविणाऱ्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे सोपविण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. ज्या खेळाचा नायक खंजिराच्या बळावर काळ मागे फिरवतो, त्याच खेळाला मागे फिरून येता आले नाही.

जतन म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न नवा नाही. येथून सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू पाहणारे रंग लाखेच्या लेपाने धरून ठेवले. कालांतराने तोच लेप पिवळा पडला आणि चित्रे झाकोळली. प्रतिकृतीने मूळ वाचत नाही आणि डागडुजीचीही किंमत मोजावी लागते, हा धडा तेथे मिळाला.

खेळांच्या बाबतीत मूळ म्हणजे त्याची आज्ञावली. 'प्रिन्स'ची आज्ञावली मेकनरला कित्येक वर्षे सापडत नव्हती. २०१२ मध्ये वडिलांच्या घरी एका खोक्यात जुन्या फ्लॉपी मिळाल्या, जाणकारांच्या मदतीने त्यांतील मजकूर वाचण्यात आला आणि तो सर्वांसाठी खुला झाला. चुंबकीय फ्लॉपी कायम टिकत नाही, म्हणून हा शोध वेळेत लागला असेच म्हणावे लागेल. भारतीय प्रताधिकार कायदा संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीच मानतो. मग ग्रंथांसारखे तिचे जतनही व्हायला हवे. नवी आवृत्ती पडद्यावर उजळ दिसेल, पण ती मुळाशी किती इमानी आहे हे पडताळण्यासाठी मूळ हाताशी असावे लागते. ते नसेल, तर उरतो केवळ चाळिशीतल्या बोटांचा पुरावा, आणि तोही एका पिढीपुरताच.